घोट्याची उसनवारी

पाय मुरगळतो तेव्हा पाऊल बहुधा आत वळते आणि सगळा ताण घोट्याच्या बाहेरच्या बाजूला येतो. तिथे तीन लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारे पट्टे, आहेत. त्यातले पुढचे सगळ्यांत नाजूक, म्हणून आधी तेच फाटते. बहुतेकांचे काही आठवड्यांत भरून येते. काहींचे मात्र लांबलेलेच राहते आणि मग सरळ रस्त्यावर चालतानाही पाय दगा देतो. डॉक्टर एका हाताने नडगी धरून दुसऱ्या हाताने टाच पुढे ओढतात, तेव्हा हाड नको तितके सरकते. ऑपरेशनचा विषय निघतो तो अशा घोट्यासाठी.

सुरुवातीच्या सर्जननी या फाटक्या लिगामेंटवर भरवसाच ठेवला नाही. 1932 मध्ये निल्सोने यांनी शेजारच्या पेरोनिअस ब्रेव्हिस स्नायूची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, त्या जागी वापरली, तर 1934 मध्ये एल्म्स्ली यांनी मांडीवरच्या चिवट आवरणाची पट्टी. पुढे वॉटसन-जोन्स यांनी हाडांना भोके पाडून तीच कंडरा त्यांतून ओवली. 1953 मध्ये इव्हान्स यांनी हेच काम सोपे केले. घोटा घट्ट व्हायचा, पण पाऊल बाहेर वळवून घोट्याला सावरणाराच स्नायू त्यासाठी खर्ची पडायचा. शिवाय कंडरा मूळ लिगामेंटच्या वाटेने जात नसल्याने घोट्याखालचा सांधा आखडायचा. राखणदारालाच दाराची कडी करून टाकण्यासारखे होते हे.

स्वीडनच्या लेनार्ट ब्रोस्ट्रोम यांनी 1964 ते 1966 या काळात मुरगळलेल्या घोट्यांवर ओळीने सहा लेख लिहिले. शेवटच्या लेखातली गोष्ट साधी होती: दुखापत जुनी असली तरी फाटलेली टोके बहुधा सापडतात आणि ती थेट शिवता येतात. इतके सोपे असूनही सगळे लगेच तिकडे वळले नाहीत. 1969 मध्ये क्रिसमन आणि स्नूक यांनी पुन्हा कंडराच घेतली, फक्त उभी चिरून अर्धी. 1980 मध्ये गूल्ड यांनी ब्रोस्ट्रोमच्या टाक्यांवर घोट्यासमोरच्या आडव्या पट्ट्याची कड ओढून शिवली. ही जोडपद्धत आज जगभर पहिली पसंती आहे. आता टाके हाडात बसवलेल्या छोट्या खुंट्यांना (अँकरना) बांधतात, कधी दुर्बिणीतून, कधी वर कृत्रिम टेपचा आधार देऊन.

ताज्या दुखापतीत मात्र सुरी मागे पडली. एके काळी पूर्ण फाटलेले लिगामेंट लगेच शिवण्याकडे कल होता. 1991 मध्ये कानुस आणि रेनस्ट्रोम यांनी तोवरचे अभ्यास तपासून अशा घोट्यालाही आधी आधारपट्टा आणि लवकर हालचाल सुचवली. गरज पडलीच तर नंतर शिवूनही निकाल तितकाच चांगला येतो.

उसनवारी पुरती थांबलेली नाही. सांधे मुळातच सैल असतील किंवा पहिली शिवण उसवली असेल, तर आजही कंडरा लागते. पण ती बहुधा गुडघ्याजवळून किंवा दात्याकडून घेतात आणि मूळ लिगामेंटच्याच वाटेवर बसवतात. पेरोनिअस ब्रेव्हिस जागच्या जागी राहतो.