युद्धपूर्व मोटारींचा छंद : सातारा व सांगली

दुसऱ्या महायुद्धाआधी बनलेल्या मोटारी हुडकणे, त्या नेमक्या कोणत्या ते ठरवणे, पुन्हा चालत्या करणे आणि रस्त्यावर काढणे या छंदाला बोलीत सरसकट ‘व्हिंटेज गाड्यांचा नाद’ म्हणतात. व्हिंटेज हा शब्द मात्र फार सैल वापरला जातो. फिवा या जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या वर्गवारीत १९१९ ते १९३० या काळातल्या गाड्याच व्हिंटेज. १९०५ ते १९१८ च्या गाड्या ‘व्हेटरन’ आणि १९३१ ते १९४५ च्या ‘पोस्ट-व्हिंटेज’. भारत सरकारच्या २०२१ च्या नियमांनी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली कोणतीही खासगी दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरू शकते, म्हणजे १९७० ची अ‍ॅम्बॅसडरसुद्धा. प्रस्तुत नोंद साधारण १९४० पर्यंतच्या मोटारींपुरती आहे.

साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले, तरी आजच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या परिसरात औंध, फलटण, जत, सांगली, थोरली मिरज, धाकटी मिरज अशी संस्थाने स्वातंत्र्यापर्यंत नांदत होती. मुंबई इलाख्याचे सरकार उन्हाळ्यात महाबळेश्वरला मुक्कामाला येई, त्यामुळे वाई-पाचगणीच्या रस्त्याला मोटारीची सवय लवकर लागली. जुन्या गाड्यांचा विषय निघाला की लोक राजेरजवाड्यांच्या रोल्स-रॉइसबद्दल बोलू लागतात. या छंदाचा खरा आधार मात्र डॉक्टर, वकील आणि पेठेतले व्यापारी यांच्या साध्या गाड्या आहेत : फोर्ड, शेव्हरोलेट, ऑस्टिन, मॉरिस. फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीने १९२६ मध्ये भारतात आपली शाखा काढली आणि जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. त्यानंतर अमेरिकन गाडी मिळणे आणि तिचे सुटे भाग मिळणे दोन्ही सोपे झाले.

या दोन जिल्ह्यांत हा छंद टिकण्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते मोटारींच्या इतिहासात सहसा सांगितले जात नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. धनजीशा कूपर यांचा सातारारोडचा कारखाना नांगरांबरोबर ऑइल इंजिनेही बनवू लागला. ओतकाम, लेथ आणि इंजिन ही इथल्या माणसाच्या हाताखालची कामे झाली. विहिरीवरचे जुने एक-सिलिंडर इंजिन उघडून बसवणाऱ्या मेकॅनिकला हँडल मारून चालू होणारे यंत्र नवे नसते, आणि तेलाचा खेळ किंवा व्हाइट मेटलचे, म्हणजे कथिलाच्या मऊ मिश्रधातूचे, बेअरिंगही नवे नसते. १९२८ ची मोटार त्याला संगणकावर चालणाऱ्या आजच्या गाडीपेक्षा जवळची वाटते. शहरातल्या चकचकीत वर्कशॉपपेक्षा अशा माणसाच्या पत्र्याच्या शेडमध्ये युद्धपूर्व गाडी अधिक सुरक्षित असते, असे या नोंदीच्या लेखकाचे ठाम मत आहे.

ओळख

गाडी ओळखणे हे या छंदातले सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित काम. गाडी वाड्याच्या पडवीत किंवा गोठ्याच्या कडेला सापडते तेव्हा तिच्यावर आठ-नऊ दशकांची हातसफाई झालेली असते. बॉनेट एकीचे, दिवे दुसरीचे, चाके तिसरीची. महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग आले तेव्हा काही गाड्या कोळशाच्या गॅसवर चालवल्या गेल्या. पुढे काहींचा मागचा भाग कापून मालाचा हौदा केला गेला. म्हणून नावाच्या पट्टीवर विसंबू नये. पट्टी दोन स्क्रूंनी बसते.

खरी साक्ष लोखंड देते. रॉकेलात भिजवलेल्या चिंधीने इंजिन ब्लॉकवरचा नंबरचा सपाट भाग पुसायचा. तारेचा ब्रश किंवा घासपेपर लावायचा नाही, कारण ठोकलेला आकडा फार उथळ असतो. पुसून झाल्यावर खडू चोळायचा आणि टॉर्च तिरपा धरायचा. आकडे पांढरे उठून दिसतात. फोर्ड मॉडेल टी आणि मॉडेल ए या दोन्हींत हा नंबर ब्लॉकच्या डाव्या बाजूला असतो. मॉडेल ए मध्ये इंजिनाचाच नंबर चासीवरही, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावरही, ठोकलेला असे, पण तो बॉडीखाली झाकला जातो. बॉडी उचलल्याशिवाय सहसा दिसत नाही. दोन्ही नंबर जुळले तर गाडी आपले मूळ इंजिन सांभाळून आहे.

नंबर गेलेला असेल तर मापे घ्यावीत. मॉडेल ए ची १९२८-२९ ची चाके २१ इंची आणि १९३०-३१ ची १९ इंची. शेव्हरोलेटमध्ये १९२८ पर्यंत चार सिलिंडर आणि १९२९ पासून सहा. ब्रिटिश गाड्यांसाठी आणखी एक किल्ली आहे. तिकडे कर बसे तो इंजिनाच्या खऱ्या ताकदीवर नाही, सिलिंडरच्या व्यासावर : व्यास इंचात घेऊन त्याचा वर्ग करायचा, सिलिंडरच्या संख्येने गुणायचे आणि २.५ ने भागायचे. ऑस्टिन सेव्हनचा व्यास ५६ मिलिमीटर म्हणजे २.२ इंच. हिशेब केला की उत्तर पावणेआठच्या आसपास येते, आणि ‘सेव्हन’ हे नाव कुठून आले ते कळते. मॉडेल ए चा व्यास ३ पूर्णांक ७/८ इंच; तिचे २४ येतात. एवढा कर टाळायला ब्रिटिश कारखाने सिलिंडर अरुंद आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, लांब ठेवत. त्यामुळे पिस्टन हातात घेतला तरी जाणत्याला गाडी अमेरिकन की इंग्लिश हे कळू लागते.

आटे हीसुद्धा ओळखच. ब्रिटिश व्हिटवर्थ आट्याचा कोन ५५ अंशांचा, अमेरिकन आट्याचा ६०. दोन सुताच्या, म्हणजे पाव इंचाच्या बोल्टाला दोन्हींत इंचाला २० आटे असल्याने चुकीचा नटही बसतो. बसतो आणि आटे खातो. मॉरिसची तऱ्हा आणखी निराळी. तिच्या इंजिनात आटे मेट्रिक आणि बोल्टाचे डोके व्हिटवर्थ पान्ह्याचे, कारण इंजिनाचा कारखाना मुळात हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा होता. एकाच गाडीत आट्यांच्या तीन जाती सापडल्या तर तिच्यावर किती हात फिरले ते न विचारता समजते.

कागदपत्रे शेवटी पाहावीत. संस्थानांचे नंबर वेगळे असत, विलीनीकरणानंतर ते बदलले. त्यामुळे आरसी बुकावरचे वर्ष नोंदणीचे असू शकते, बनावटीचे असेलच असे नाही.

दुरुस्ती

जुन्या गाडीचे काम घाईने उघडून सुरू केले की निम्मी गाडी हरवते. प्रत्येक वायसर, प्रत्येक पॅकिंग कुठून निघाले त्याची चिठ्ठी लावून फोटो काढावा. गंजून गेलेला भागही नवा बनेपर्यंत टाकू नये. नमुना म्हणून तोच लागतो.

इंजिनातले नाजूक काम बेअरिंगचे. आजच्यासारखी तयार शेल, म्हणजे बदलता येणारी बेअरिंगची पातळ कवचे, त्या काळच्या बहुतेक गाड्यांत नव्हती. कथील, अँटिमनी आणि तांबे यांचा मिश्रधातू थेट कनेक्टिंग रॉडमध्ये ओतत. रॉड आधी गरम करून त्याला कल्हई करतात, भांड्याला करतात तशीच, कारण कल्हईशिवाय ओतलेला धातू लोखंडाला धरत नाही. मग साच्यात ओतायचे, लेथवर बोअर करायचे, क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, निळा रंग लावून फिरवायचे आणि जिथे निळे उमटेल तिथे स्क्रेपरने बारीक खरवडायचे. हे दहा वेळा, वीस वेळा. निळे ठिपके सगळीकडे सारखे पसरले की बेअरिंग बसले. हे काम येणारी माणसे उतारवयाला लागली आहेत. त्यांच्या शेजारी बसून शिकणारा एक जरी पोरगा निघाला तरी तो चार गाड्यांच्या रंगकामापेक्षा मोठा लाभ.

त्या काळच्या अनेक गाड्यांत पत्र्याच्या आत लाकडी सांगाडा असतो. पत्रा ठीक दिसतो, पण दार लोंबते. तेव्हा खोट बिजागरीत नसते, लाकडात असते. परदेशात यासाठी अ‍ॅशचे लाकूड वापरत, इथे सागवान वापरतात आणि ते चांगले टिकते.

रंगाच्या बाबतीत मोह आवरावा. मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात निघत असे. तिला दोनरंगी करून क्रोम चढवणे म्हणजे तिची ओळख पुसणे. मूळ रंग पाहायचा तर डॅशबोर्डमागे किंवा सीटखाली वॉटर पेपरने रुपयाएवढी जागा घासावी. झाडाच्या वर्तुळांसारखे एकाखाली एक थर दिसतात. मूळ रंगाचा तुकडा शाबूत असेल तर तो तसाच राखावा. २०२१ च्या नियमांतही चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली मूळ रूपातली गाडीच व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणे आणि देखभाल यांसाठीच ती रस्त्यावर काढायची असते.

चालवणे

हँडल मारण्याची एक रीत आहे आणि ती न पाळणाऱ्याचे मनगट मोडते. मॉडेल टी च्या स्टिअरिंगखाली डावी दांडी स्पार्कची आणि उजवी थ्रॉटलची. डावी पूर्ण वर, म्हणजे स्पार्क उशिरा. हँडल पकडताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, त्याने दांड्याला विळखा घालायचा नाही. हँडल वर ओढायचे, खाली कधीच दाबायचे नाही. इंजिन उलटे फिरले तर मूठ आपोआप सुटते. या गाडीचे तीन पेडलही आजच्या ड्रायव्हरला चकवतात : डावे गिअरचे, मधले रिव्हर्सचे, उजवे ब्रेकचे, अ‍ॅक्सिलरेटर पायात नाहीच. पेट्रोलची टाकी बहुतेक मॉडेल टीं मध्ये पुढच्या सीटखाली असून पेट्रोल केवळ उताराने कार्बोरेटरपर्यंत जाते. टाकीत थोडेच पेट्रोल असले आणि चढ उभा लागला तर पुरवठा तुटतो. म्हणून अशा गाड्या चढावर उलट्या, रिव्हर्समध्ये नेत.

घाट हा इथल्या हौशी माणसाचा अभ्यासाचा धडा. पसरणी घाट त्यासाठी उत्तम. पुणे-सातारा महामार्गावरच्या खंबाटकी घाटात ट्रकांची गर्दी असते आणि यांत्रिक ब्रेकच्या गाडीने तिथे पहाटेखेरीज जाऊ नये. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम. गिअर बदलताना डबल क्लच मारावा लागतो, म्हणजे एका बदलात क्लच दोनदा दाबावा लागतो. मॉडेल टी आणि ऑस्टिन सेव्हन यांसारख्या गाड्यांत पाण्याचा पंप नाही. गरम पाणी वर आणि गार पाणी खाली एवढ्यावरच रेडिएटर चालतो. वाफ दिसली की कडेला थांबावे, झाकणाला हात लावू नये, तास गेला तरी चालेल.

पेट्रोलचा प्रश्न नवा आहे आणि तो उसाच्या याच पट्ट्यातून येतो. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. कमी कॉम्प्रेशनच्या या इंजिनांना ऑक्टेनची अडचण नाही. अडचण आहे जुन्या रबराची, आणि कार्बोरेटरमधल्या बुचाच्या फ्लोटची, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या तुकड्याची. त्या बुचावर लाखेचा, चपड्याचा लेप असतो. मिरजेचे कारागीर सतारीला पॉलिश करायला चपडा स्पिरिटात विरघळवतात. इथेनॉल कार्बोरेटरच्या आत तेच करते. लेप गेला की बूच पेट्रोल पिते, बुडते आणि इंजिनाला पेट्रोल अति होते. फ्लोट पितळी पत्र्याचा करून घेणे आणि गाडी उभी करताना टाकी रिकामी ठेवणे हा उपाय.

सांगलीत गाडी ठेवायची जागा निवडताना पूररेषा आधी पाहावी लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाण्यात गेलेल्या गाडीला आधी हँडल मारू नये. प्लग काढावेत, इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांतले तेल सोडावे, सिलिंडरमध्ये पातळ तेल ओतून मगच क्रँक हाताने सावकाश फिरवावा. ब्रेकचे ड्रम उघडून गाळ धुवावा. गाद्या आणि आतले कापड काढून घ्यावे, आणि बॉडी सावलीत, वाऱ्यावर कित्येक आठवडे वाळू द्यावी. उन्हात ठेवली तर आतले लाकूड तडकते आणि खिळ्यांच्या भोकांपाशी फाटते.