माय सिस्टर, द सिरियल किलर

नायजेरियन-ब्रिटिश लेखिका ओयिंकान ब्रेथवेट यांची पहिली कादंबरी. मूळ भाषा इंग्रजी, प्रकाशन नोव्हेंबर २०१८, डबलडे. नायजेरियातील लागोस शहरात घडणाऱ्या या कथेत दोन बहिणी आहेत. धाकटी आयोला आपल्या प्रियकरांना सुऱ्याने भोसकते आणि थोरली कोरेडे मागचे सारे निस्तरते. प्रेम, खून आणि काळा विनोद या तिन्हींचा पीळ इतका घट्ट बसला आहे की तिला नुसती रहस्यकथा म्हणणे अपुरे वाटते. खून कोणी केला हे वाचकाला पहिल्याच पानावर कळते. थोरली बहीण हे कुठवर सोसणार, हा प्रश्न मात्र अखेरपर्यंत धरून ठेवतो.

कादंबरी उघडते ती आयोलाच्या फोनने. तिसरा प्रियकर फेमी मेला आहे आणि कोरेडेने यावे, असा तो निरोप. कोरेडे येते ती ब्लीच घेऊन. व्यवसायाने ती नर्स, स्वभावाने कमालीची टापटीप. न्हाणीघरातले रक्त पुसताना शॉवरच्या कडेची ती बारीक फट, जी घासायची बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, तीही ती सोडत नाही. पुढे मृतदेह चादरीत गुंडाळून गाडीच्या डिकीत जातो आणि थर्ड मेनलँड ब्रिजवरून पाण्यात. १९९० मध्ये पुरा झालेला हा पूल ११ किलोमीटरहून लांब असून लागोस बेटाला मुख्य भूमीशी जोडतो. सगळे शहर रोज ज्या रस्त्याने कामाला जाते, तोच रस्ता लेखिकेने निवडला आहे.

कादंबरीतले हसू नेमके या घरकामातून येते. कोरेडे विनोद करायला जात नाही. डाग कसा काढावा, वास कसा घालवावा, हे ती जबाबदार गृहिणीच्या सुरात सांगत राहते. वाचक हसतो आणि लगेच चपापतो, कारण डाग कशाचा आहे हे त्याला ठाऊक असते. तीन खून झाले की माणूस सिरियल किलर ठरतो, ही माहिती ती इंटरनेटवर शोधून काढते तो प्रसंगही असाच. फेमी बेपत्ता असल्याची बातमी ताजी असताना आयोलाला मात्र सोशल मीडियावर स्वतःचे फोटो टाकायचे असतात. दुःखी दिसायला हवे, हेसुद्धा तिला ताईनेच शिकवावे लागते.

प्रेमाचा धागा इस्पितळात आहे. तिथल्या टाडे नावाच्या देखण्या, गोड गळ्याच्या डॉक्टरवर कोरेडे मनातून जीव लावून बसलेली आहे. एके दिवशी आयोला इस्पितळात येते, आणि टाडे पाहताक्षणी तिच्यावर भाळतो. कोरेडे सावध करते तेव्हा त्याला त्यात बहिणीचा मत्सरच दिसतो. खरे बोलायला तिला एकच जागा उरते, कोमात असलेल्या मुहतार या प्राध्यापकाची खाट. त्याला काही ऐकू येत नाही असे धरून ती सारे ओतून मोकळी होते. पुढे तो शुद्धीवर येतो आणि त्याला पुष्कळ काही आठवत असते. या नोंदलेखकाच्या मते मुहतारच्या खोलीतले प्रसंग कादंबरीत सर्वांत हळवे आहेत. कोरेडेला ऐकून घेणारे दुसरे कोणीच नाही, हे तिथे नीट जाणवते.

पाठच्या भावंडाला पाठीशी घालणे, हे मराठीत सहज सुचणारे शब्द या कादंबरीला चपखल बसतात. थोरलीने धाकटीला सांभाळायचे, ही त्या घरातली न बोललेली शिस्त आहे, आणि तिचे मूळ मारकुट्या बापाच्या धाकात आहे. आयोलाजवळचा सुरा त्याचाच. भूतकाळातले हे प्रसंग लेखिका तुकड्यातुकड्यांनी मधे पेरत जाते. त्यांमुळे आयोलाच्या हातून होणाऱ्या गोष्टींना एक पूर्वपीठिका मिळते, माफी नव्हे. फेमी कविता लिहीत असे, हे कोरेडे विसरू शकत नाही. मेलेल्या माणसाला नाव आणि आवाज देण्याची ही काळजी या प्रकारच्या लेखनात क्वचितच घेतली जाते.

शहरही बारकाईने आले आहे. वाहतूक अधिकारी गाडी अडवतो तेव्हा कोरेडे मुद्दाम मोडके इंग्रजी बोलते, कारण शिकलेली बाई पाहून तो अधिकच बिथरेल हे ती ओळखून असते. मग चिरीमिरी देऊन सुटते. प्रकरणे अगदी छोटी, काही पानभराचीच. त्यामुळे सव्वादोनशे पानांची ही कादंबरी एका बैठकीत संपते.

ब्रेथवेट यांचा जन्म १९८८ चा, लागोसचा. बालपण नायजेरिया आणि इंग्लंड या दोन्ही देशांत गेले. किंग्स्टन विद्यापीठात त्यांनी सर्जनशील लेखन आणि कायद्याचे शिक्षण घेतले. २०१९ मध्ये ही कादंबरी विमेन्स प्राइझच्या अंतिम यादीत आणि बुकर पारितोषिकाच्या पहिल्या यादीत होती. लॉस एंजेलिस टाइम्सचे रहस्यकथा विभागाचे पारितोषिक आणि २०२० मध्ये ब्रिटिश बुक अवॉर्ड्समधील गुन्हेकथेचा सन्मानही तिला मिळाला.

शेवटी कोरेडेला टाडे आणि आयोला यांच्यातून एकाची बाजू घ्यावी लागते, आणि ती बहिणीची घेते. कादंबरी संपते तेव्हा घरी आयोलाकडे एक नवा पुरुष आलेला असतो.