विषयाभोवती जमलेली माणसं

ट्विटर, म्हणजे आताच्या एक्ससारख्या ठिकाणी अर्धा तास गेला की डोकं भणभणतं, आणि तोच अर्धा तास रेडिटवरच्या आवडीच्या ग्रुपमध्ये गेला तर काहीतरी पदरात पडल्यासारखं वाटतं. असं सांगणारे पुष्कळ भेटतात. याचं खापर सहसा कुणाला काय दाखवायचं ते ठरवणाऱ्या अल्गोरिदमवर फुटतं. मला कारण त्याहून जुनं वाटतं. या दोन जागा वेगवेगळ्या गरजांपोटी तयार झाल्या, आणि ती गरज अजून त्यांच्या रचनेत आहे.

विषयावर जमण्याची पद्धत वयाने बरीच मोठी. फेब्रुवारी १९७८ मध्ये शिकागोत वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी संगणकाचा नाद असलेल्यांसाठी सीबीबीएस, म्हणजे फोनवरून निरोप लावायचा संगणकावरचा फलक, सुरू केलं. फोनची लाइन एकच, त्यामुळे एका वेळी एकालाच आत जाता यायचं. आधीचे निरोप वाचायचे, आपला लिहायचा, फोन ठेवायचा, मग दुसऱ्याचा नंबर लागायचा.

पुढच्याच वर्षी ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांना युजनेटची, म्हणजे संगणकांच्या जाळ्यावरच्या चर्चा-ग्रुपांची, कल्पना सुचली. तिथे पत्ता विषयाचा असायचा. प्रोग्रॅमिंगचा ग्रुप वेगळा, विज्ञानकथांचा वेगळा. लिहिणाऱ्याला किती लोक ओळखतात याने काही अडत नसे. तेच ते प्रश्न येत राहिले म्हणून जुन्या मंडळींनी उत्तरं एकत्र लिहून ठेवली. एफएक्यूची, म्हणजे नेहमीच्या प्रश्नोत्तरांच्या यादीची, पद्धत रुजली ती इथे. दर सप्टेंबरला विद्यापीठांत नवी मुलं यायची, थोडे दिवस चुकायची, बोलणी खायची आणि रुळायची. १९९३-९४ च्या सुमारास एओएलसारख्या घरोघरी ऑनलाइन सेवा देणाऱ्या कंपन्यांनी आपल्या ग्राहकांना युजनेटचं दार उघडलं आणि हा लोंढा थांबेचना. जुने लोक त्या काळाला ‘न संपणारा सप्टेंबर’ म्हणू लागले. आलेल्या माणसाला रीत शिकवायला जो वेळ लागतो, तोच उरला नव्हता.

ट्विटरचा जन्म यापेक्षा अगदी वेगळा. २००६ मध्ये ते एसएमएसच्या आधाराने उभं राहिलं: १६० अक्षरांतली २० नावासाठी राखली, उरली १४०. विचारलं जायचं, ‘काय करताय?’ ओळखीच्यांना ख्यालीखुशाली कळवण्यासाठी ही सोय छानच होती. पण तिच्यात विषयाला जागाच नव्हती. ती उणीव भरायला ऑगस्ट २००७ मध्ये ख्रिस मेसिना यांनी हॅशटॅग सुचवला. मात्र हॅशटॅगला ना दार, ना नियम, ना कुणी सांभाळणारा. २००९ च्या अखेरीस रिट्वीटचं बटण आलं, आणि चार ओळखीच्यांसाठी लिहिलेली ओळ एका क्लिकवर हजारो अनोळखी लोकांपुढे जाऊ लागली. साहेब, मावसभाऊ, शाळेतला मित्र आणि भांडायला टपलेला परका, सगळे एकाच वेळी वाचणार असतील तर माणूस एक तर जपून लिहितो, नाहीतर टाळ्यांसाठी. दोन्हींत गप्पांची मजा जाते.

रेडिटलाही हे लगेच उमगलं नव्हतं. २००५ मध्ये ते आलं तेव्हा सगळ्यांसाठी एकच पान होतं. कुणालाही आपला ग्रुप काढता येऊ लागला तो २००८ पासून. त्याचं टोक बघायचं तर २०११ मध्ये सुरू झालेला आस्कहिस्टॉरियन्स हा इतिहासाच्या प्रश्नांचा ग्रुप बघावा. एखाद्या प्रश्नाला हजारो मतं पडलेली असतात, आपण उत्सुकतेने उघडतो, तर खाली ओळीने काढून टाकलेल्या कमेंट. वरवरचं किंवा ऐकीव उत्तर तिथे टिकत नाही. मग काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, त्या काळाचा अभ्यास असलेलं कुणीतरी दोन-तीन पानांचं उत्तर लिहितं. त्याचे फॉलोअर किती, हे कुणी बघायलाही जात नाही. नवख्याचा प्रश्न आणि जाणत्याचं उत्तर एकाच पंगतीला बसतात, आणि मला वाटतं गंमत आहे ती यातच.

ताजी बातमी मात्र ट्विटरसारख्या मायक्रोब्लॉगवरच आधी कळते. जानेवारी २००९ मध्ये हडसन नदीत उतरलेल्या विमानाचा फोटो असाच जगभर गेला. आणि ग्रुपमध्येही जाच असतोच. ग्रुप सांभाळणारे मॉडरेटर बिनपगारी राबतात, काही मनमानी करतात. रेडिटने बाहेरच्या ॲपवाल्यांकडून पैसे घ्यायचं ठरवल्यावर जून २०२३ मध्ये हजारो ग्रुप निषेध म्हणून बंद झाले, तेव्हा हा डोलारा कुणाच्या फुकट श्रमावर उभा आहे ते दिसलं.

अल्गोरिदमचा दोष किती, हे ताडायला मॅस्टोडॉन आणि लेमी शेजारी ठेवून बघावेत. २०१६ चं मॅस्टोडॉन ट्विटरच्या धर्तीवर, २०१९ चं लेमी रेडिटच्या. दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर, दोन्ही ॲक्टिव्हिटीपब या एकाच प्रोटोकॉलवर (सर्व्हरांनी आपसात बोलायच्या नियमांवर) चालतात, दोन्हींच्या मागे जाहिरातींवर पोसलेली कंपनी नाही. मॅस्टोडॉनची होम टाइमलाइन, म्हणजे फॉलो केलेल्यांच्या पोस्टची यादी, तर सरळ वेळेनुसार लागते. तरीही तिथे नव्याने आलेल्याची टाइमलाइन सुरुवातीला रिकामीच असते. आधी माणसं हुडका, त्यांना फॉलो करा, मग कुणी आपल्याला करेल याची वाट पाहा. लेमीवर विषय निवडला की पहिल्याच दिवशी चालू गप्पांत शिरता येतं.