शाश्वत कापूस खरेदी (गृहवस्त्रे)

चादरी, टॉवेल, अभ्रे, पडदे अशा घरगुती वस्तूंसाठी जमीन, पाणी आणि शेतात राबणारी माणसे यांची कमीत कमी हानी करून पिकवलेला, शक्यतो शेतापर्यंत माग काढता येणारा कापूस घेण्याची पद्धत. या वस्तूंना कापूस पुष्कळ लागतो. अंघोळीच्या एका जाड टॉवेललाच सुमारे अर्धा किलो सूत लागते.

एक किलो सुती कापडामागे जागतिक सरासरीने सुमारे १०,००० लिटर पाणी खर्ची पडते, असे सांगितले जाते. मात्र त्यात पावसाचे पाणीही धरलेले असते. म्हणून कापूस कोठे आणि कोणत्या पाण्यावर पिकला, हे पाहणे अधिक महत्त्वाचे. मध्य आशियातील अमू दर्या व सिर दर्या या नद्यांचे पाणी १९६०च्या दशकापासून मोठ्या प्रमाणावर मुख्यतः कापसाकडे वळवले गेले आणि अरल समुद्र आटत गेला.

कापसाचा माग काढण्यातली खरी अडचण जिनिंगपासून सुरू होते. तेथे सरकी काढून रुईच्या गाठी बांधताना अनेक शेतांचा कापूस एकत्र होतो. पुढे सूतगिरणी धाग्याचा दर्जा सारखा राहावा म्हणून वेगवेगळ्या गाठी मिसळते. सूत हातात घेऊन ते कोणत्या शेतातले, हे ओळखता येत नाही. भिस्त कागदपत्रांवरच असते.

‘गॉट्स’ (ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड) या सेंद्रिय कापडाच्या जागतिक मानकात सेंद्रिय माल प्रत्येक टप्प्यावर वेगळा ठेवावा लागतो. ‘सेंद्रिय’ म्हणवण्यासाठी किमान ९५ टक्के, तर ‘सेंद्रिय धाग्यांचा वापर करून बनवलेले’ म्हणण्यासाठी किमान ७० टक्के सेंद्रिय धागे लागतात; रंगाईची रसायने व कामगारांची स्थितीही तपासली जाते. तरीही २०२० मध्ये भारतातील सुमारे २०,००० टन कापसाची सेंद्रिय प्रमाणपत्रे बनावट असल्याचे हे मानक चालवणाऱ्या संस्थेनेच जाहीर केले. सुधारित पद्धतीने कापूस पिकवण्याला चालना देणाऱ्या ‘बेटर कॉटन’ या संस्थेने दीर्घकाळ वस्तुमान-ताळेबंदाची पद्धत वापरली. तीत जेवढा कापूस खरेदी झाला तेवढ्याची नोंद पुढे सरकते, पण प्रत्यक्ष टॉवेलमध्ये त्यातला एक तंतूही नसू शकतो. ही पद्धत निरुपयोगी नाही, कारण तिने सुधारित शेतीच्या कापसाला मागणी मिळते. मात्र ‘हा टॉवेल त्या कापसाचा’ असा दावा तिच्या आधारे करणे चूक आहे. प्रत्यक्ष माग काढता येणारा पर्याय या संस्थेने २०२३ मध्ये आणला.

‘ओईको-टेक्स स्टँडर्ड १००’ची खूणही अनेकदा शेतीची हमी समजली जाते. ती तयार मालातील घातक रसायनांच्या चाचणीची आहे. कापूस कसा पिकला, याबद्दल ती काहीच सांगत नाही.

पुनर्वापरित कापसाचे तंतू पिंजताना आखूड होतात, म्हणून त्यात सहसा नवा कापूस किंवा कृत्रिम तंतू मिसळतात.

सेंद्रिय शेतीकडे वळताना शेतकऱ्याला साधारण २ ते ३ वर्षे संक्रमणाची काढावी लागतात. या काळात उत्पन्न घटू शकते आणि माल पूर्ण सेंद्रिय म्हणून विकताही येत नाही. त्यामुळे काही खरेदीदार संक्रमणकाळातला कापूस घेण्याचे करार पेरणीआधीच करतात आणि त्याला जादा दर देतात.