काळ्या चौकोनांच्या बाहेरचं शब्दकोडं

शब्दकोड्याचा जन्म २१ डिसेंबर १९१३ चा. त्या रविवारी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या ‘फन’ पुरवणीत आर्थर विन या मूळच्या लिव्हरपूलच्या माणसाने ते छापलं. इथवर सगळे सांगतात. पण ते कोडं काढून पाहिलं, तर आज कुणी त्याला ‘नेहमीचं’ म्हणणार नाही. आकार शंकरपाळ्यासारखा, मध्ये मोठं भोक आणि काळा चौकोन एकही नाही. म्हणजे आधी विचित्र कोडं आलं आणि सरळ चौकोनी कोडं मागाहून रुळलं. आज ज्यांना ‘व्हरायटी’ म्हणून वेगळ्या रांगेत बसवतात, ती कोडी खरं तर थोरल्या घराण्यातली.

चौकोनी घडी बसली ती १९२४ नंतर. सायमन अँड शुस्टर या तेव्हा नवख्या प्रकाशनाने कोड्यांचं पहिलं पुस्तक काढलं, सोबत पेन्सिलही दिली, आणि अमेरिका त्यामागे वेडी झाली. त्या पुस्तकाच्या तीन संपादकांपैकी एक मार्गारेट पेदरब्रिज, लग्नानंतरच्या फरार. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १९२४ मध्ये या खुळाची टर उडवली होती. त्याच टाइम्सने १५ फेब्रुवारी १९४२ ला स्वतःचं कोडं सुरू केलं आणि संपादक म्हणून फरारबाईंनाच बोलावलं. चौकट उलटी धरली तरी काळे चौकोन त्याच जागी यावेत, प्रत्येक अक्षर आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत असावं, तीनपेक्षा कमी अक्षरांचा शब्द नसावा, हे नियम त्यांच्याच हाताखाली पक्के झाले. रोजच्या पेपरला ते सोयीचे होते. ज्यांना ही शिस्त जाचक वाटली, त्यांना दुसरीकडे जागा शोधावी लागली, आणि ती बहुतेक साप्ताहिकांत आणि मासिकांत मिळाली.

इंग्लंडमध्ये या बंडखोरीचा मूळपुरुष एडवर्ड पॉइस मॅथर्स. १९२६ पासून १९३९ मध्ये मरेपर्यंत ‘ऑब्झर्व्हर’ या रविवारच्या पत्रात तो कोडी घालायचा. टोपणनाव घेतलं ‘टॉर्केमाडा’, म्हणजे स्पेनमधल्या धर्मछळाचा म्होरक्या. सोडवणाऱ्यांचे हाल करायचे तर नाव तरी प्रामाणिक असावं! आपल्याकडच्या वाचकाला त्याची आणखी एक ओळख गमतीची वाटेल. कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी असलेल्या बिल्हणाच्या नावावरच्या ‘चौरपंचाशिके’चं इंग्रजी रूपांतर याच मॅथर्सने केलं होतं. काळे चौकोन काढून टाकून शब्द जिथे संपतो तिथे घरांमध्ये नुसती जाड रेघ ओढायची, ही पद्धत त्याच्यामुळे रूढ झाली. घरं वाया जात नाहीत आणि शब्द एकमेकांत जास्त गुंततात. शब्दांची यादी तो करायचा, ते चौकटीत बसवायची त्याची बायको रोझमंड, आणि मग क्लू लिहायला पुन्हा तो. कधी सगळे क्लू कवितेत असायचे. त्याच्यामागून आलेल्या डेरिक मॅकनटने ‘झिमेनेस’ या दुसऱ्या धर्मछळकाचं नाव घेतलं. १९७२ मध्ये जोनाथन क्राउदर आला, त्याने ‘डेझा’ हे तिसऱ्याचं नाव उलटं करून ‘अझेड’ केलं. गादी अशी चालली.

मॅथर्सच्याच काळात ॲलिस्टर रिची ऊर्फ ‘आफ्रिट’ याने ‘प्रिंटर्स डेव्हिलरी’ नावाचा प्रकार काढला. मला तो सगळ्यांत लाडका. छापखान्यातल्या भुताने वाक्यातून उत्तराची अक्षरं खाल्ली आहेत आणि उरलेली अक्षरं जोडून टाकली आहेत, अशी कल्पना. मराठीत करून दाखवायचं तर क्लू असा: ‘नातू कितीही रुसला तरी आजीच मळवते.’ आजी काय मळवते, हे कळत नाही. ‘म’ आणि ‘ळ’ यांच्यामध्ये ‘नव’ घाला आणि शब्द नीट तोडा: ‘आजीच मन वळवते.’ उत्तर ‘नव’. एरवी क्लूमध्ये उत्तराचा अर्थ तरी कुठेतरी दिलेला असतो. इथे तोही नाही, फक्त वाक्याचा कान हवा.

बीबीसीच्या ‘लिसनर’ साप्ताहिकाने २ एप्रिल १९३० ला कोडी सुरू केली. पहिलं कोडं संगीतावर होतं आणि त्याचं अचूक उत्तर पाठवणारा एकच निघाला. आजच्या हिशेबाने त्याच दिवशी सदर बंद व्हायचं. ते चाललं, हळूहळू अवघड कोड्यांचं माहेरघर बनलं, आणि १९९१ मध्ये साप्ताहिक बंद पडलं तेव्हा लंडनच्या ‘टाइम्स’च्या शनिवारच्या अंकात बिऱ्हाड हलवून तिथे अजून चालू आहे. लिसनरमध्ये चौकट भरली म्हणजे सुटका झाली असं नाही. क्लूंमधल्या छपाईच्या चुका मुद्दाम केलेल्या असतात. दुरुस्त केलेली अक्षरं ओळीने वाचली की एक आज्ञा निघते, आणि ती पाळून भरलेली चौकट पुन्हा बदलायची असते. वर्षाकाठी काही कोड्यांत अक्षरंच नसतात, नुसते आकडे. हे रचणारे पोटासाठी रचत नाहीत. त्यांतले बरेचसे आधी सोडवणारे होते, चटक लागली आणि मग स्वतः घालू लागले. वर्षभर सर्वांत कमी चुका करणाऱ्याला चांदीची थाळी मिळते.

अमेरिकेत हा वाण नेला संगीतिकांचा रचनाकार स्टीफन सोंडहाइमने. तो लिसनरचा भक्त. १९६८ मध्ये ‘न्यूयॉर्क’ मासिक निघालं, तेव्हा पहिल्या अंकापासून त्याने त्यात ब्रिटिश वळणाची कोडी दिली आणि ती कशी सोडवायची यावर लेखही लिहिला. नव्या संगीतिकेमुळे वेळ मिळेना, तेव्हा काम रिचर्ड माल्टबी या दुसऱ्या रंगकर्मीकडे गेलं, आणि १९७६ पासून माल्टबी ‘हार्पर्स’मध्ये आला. पुढच्याच वर्षी एमिली कॉक्स आणि हेन्री रॅथव्हन या जोडीने ‘अटलांटिक’ मासिकात सदर धरलं.

त्याआधी ब्रुकलिनच्या एलिझाबेथ किंग्जली या शिक्षिकेने १९३४ मध्ये ‘सॅटरडे रिव्ह्यू’त ‘डबल-क्रॉस्टिक’ आणलं होतं. नवी पिढी जुने लेखक वाचत नाही, हा त्यांचा राग. म्हणून एका उताऱ्याची सगळी अक्षरं मोडून त्यांतूनच वेगळे शब्द बनवायचे, आणि त्या शब्दांची आद्याक्षरं ओळीने लावली की लेखकाचं आणि कृतीचं नाव यायचं. पहिला उतारा टेनिसनचा होता. एकही अक्षर उरता कामा नये, कमीही पडता कामा नये. रचणाऱ्याचा खरा घाम यातच.

पुढे ‘गेम्स’सारख्या मासिकांतून असले प्रकार वाढत गेले. ‘स्पायरल’ त्यांतला सर्वांत सोपा दिसणारा आणि रचायला छळणारा. गोगलगायीच्या वळणाने घरं मोजत आत गेलं की एक शब्दमाला, त्याच घरांतून बाहेर आलं की दुसरी. चार घरांत ‘स, र, व, न’ लिहा. आत जाताना ‘सर’ आणि ‘वन’, बाहेर येताना ‘नवरस’. चारपर्यंत जमतं, शंभर घरं याच रीतीने भरायची असतात. मराठीत तर एका घरात मात्रेसकट अख्खं अक्षर बसतं, त्यामुळे ‘कविता’ उलटी फिरवली की ‘ताविक’ हाती येतं आणि काम तिथेच थांबतं. आपल्या वर्तमानपत्रांतली कोडी आडव्या-उभ्यापलीकडे फारशी गेली नाहीत, त्याचं हे एक कारण असावं. पण जोडाक्षरांशी खेळणारा प्रकार आपल्याकडेच निघू शकतो, आणि तो अजून कुणी नेटाने का केला नाही, याचं मला नवल वाटतं.

संगणक आल्यावर ही कोडी वाटणं सोपं होईल असं वाटलं होतं. झालं अर्धवटच. नव्वदच्या दशकात ‘अक्रॉस लाइट’ हा प्रोग्रॅम आला आणि त्याचा ‘पझ’ फाइलप्रकार सगळीकडे चालू लागला. पण तो बनला होता काळे-पांढरे चौकोन डोळ्यांसमोर ठेवून. जाड रेघा, षटकोन, वळसे त्यात मावेनात. नंतर आलेल्या काही फाइलप्रकारांत रेघांची सोय झाली, तरी नवा आकार सुचला की फाइल पुन्हा तोकडीच पडते. म्हणून वेगळं कोडं रचणारे आजही बहुधा पीडीएफ करतात. ती मेलने किंवा वर्गणीदारांना पाठवायची, आणि घेणाऱ्याने छापून पेन्सिल घेऊन बसायचं. ‘अटलांटिक’ने ते सदर आधी छापील अंकातून काढलं, मग पुरतं बंद केलं. कॉक्स आणि रॅथव्हन यांची कोडी त्यानंतर ‘वॉल स्ट्रीट जर्नल’च्या शनिवारच्या पानावर येऊ लागली.