मळभातला मळ

आषाढात पुण्यात कधी कधी सलग चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. वेताळ टेकडीवरून पाहावं तर सिंहगड गायब, घरात दोरीवरचे कपडे दमट. "पाऊस कसला, नुसतं मळभ आहे," असं आपण म्हणतो. हाच शब्द मनालाही लावतो. मनावर मळभ दाटतं, गैरसमजाचं मळभ दूर होतं. शब्द उच्चारला की त्यातला 'मळ' कानाला लागतो.

पण आभाळ खरंच मळलेलं असतं का? ढग म्हणजे पाण्याचे नितळ थेंबुकले, एकेकाचा व्यास मिलिमीटरच्या सुमारे पन्नासाव्या भागाएवढा. ऊन त्यांवर आदळतं, पुन्हा पुन्हा दिशा बदलतं आणि त्यातलं बरंचसं वरच्या वर परत जातं. थर जितका जाड, तितका खाली उजेड कमी, म्हणून ढगाचा तळ करडा. लोहगावहून विमान उडून ढगांच्या वर गेलं की तोच करडा थर पांढराशुभ्र दिसतो. हवामान निरीक्षक आकाशाचे 8 भाग कल्पतात; आठही झाकले की पूर्ण मळभ. 1928 साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला जुने पुणेकर अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात, आणि मला ते नाव फार आवडतं.

तरी 'मळ' अगदीच खोटा नाही. बाष्पाचा थेंब व्हायला आधार लागतो: धुळीचा, धुराचा किंवा समुद्रावरून आलेल्या मिठाचा कण. तो नसेल तर हवेतली आर्द्रता 100 टक्क्यांच्या कित्येक पट चढावी लागेल. प्रत्यक्ष ढगात ती 101 टक्क्यांपुढे क्वचितच जाते. म्हणजे प्रत्येक थेंबुकल्याच्या पोटी मळाचा एक कण असतोच. मात्र कण फार झाले की तेवढंच पाणी जास्त वाटेकऱ्यांत वाटलं जातं. थेंबुकले बारीक राहतात, एकमेकांत मिसळायला वेळ लावतात. पावसाचा एक थेंब व्हायला असे सुमारे 10 लाख थेंबुकले एकत्र यावे लागतात, त्यामुळे मळभ असूनही पाऊस रेंगाळू शकतो. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे शास्त्रज्ञ 2009 पासून विमानात उपकरणं बसवून थेट ढगांत शिरून हेच कण आणि थेंब मोजत आले आहेत.

मनावरच्या मळभाचाही उजेडाशी संबंध आहे. लांब हिवाळ्याच्या देशांत कमी उजेडाच्या महिन्यांत येणाऱ्या नैराश्याचं वर्णन 1984 साली वैद्यकात झालं. त्यावर सकाळी ज्या दिव्यासमोर बसवतात, त्याचा उजेड असतो 10,000 लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक). आपल्या दिवाणखान्यात ट्यूबलाइट लावूनही जेमतेम 200-300 लक्स मिळतात. साध्या मळभाच्या दुपारी टेकडीवर मात्र त्या दिव्याइतका उजेड सहज असतो.