गॉटिंगेन विद्यापीठाचे संशोधन : प्रभाव कसा घडला, कसा विखुरला

विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीत शोधनिबंधांची संख्या आणि इतरांनी घेतलेले त्यांचे संदर्भ यांना मोठे वजन असते. जर्मनीतील गॉटिंगेन विद्यापीठाची थोरवी मात्र या मापाने पुरती कळत नाही, कारण तिथले सर्वांत मोलाचे काम अनेकदा उशिरा छापले गेले आणि त्याचा परिणाम त्याहून उशिरा दिसला.

हॅनोव्हरचा शासक आणि ब्रिटनचा राजा दुसरा जॉर्ज याच्या नावाने हे विद्यापीठ १७३७ मध्ये रीतसर सुरू झाले. त्याची घडी बसवणारे मंत्री म्युन्शहाउझेन यांनी धर्मशास्त्राच्या प्राध्यापकांना इतर विषयांच्या लेखनावर देखरेख करण्याचा अधिकार दिला नाही आणि ग्रंथालयावर सढळ हाताने खर्च केला. पुढच्या यशाचा पाया माझ्या मते याच दोन निर्णयांत आहे. नव्या ग्रंथांचे परीक्षण करणारे नियतकालिकही १७३९ पासून तिथे निघू लागले.

१८०७ पासून वेधशाळेची धुरा वाहणारे गणितज्ञ गाउस छापण्याच्या बाबतीत कमालीचे चोखंदळ होते. 'थोडे, पण पिकलेले' हे त्यांचे ब्रीद होते. १८३३ मध्ये त्यांनी आणि भौतिकशास्त्रज्ञ विल्हेल्म वेबर यांनी वेधशाळेपासून प्रयोगशाळेपर्यंत, गावातील छपरांवरून सुमारे एक किलोमीटर तार ओढली आणि चुंबक डावीकडे वळतो की उजवीकडे, यावरून अक्षरे ओळखून निरोप पाठवले. चारच वर्षांनी हॅनोव्हरच्या राजाने राज्यघटना रद्द केली, तेव्हा निषेध नोंदवणाऱ्या सात प्राध्यापकांना बडतर्फ करण्यात आले. त्यांत ग्रिम बंधू होते आणि वेबरही होते.

१८५४ मध्ये अध्यापनाचा अधिकार मिळवण्यासाठी तरुण गणितज्ञ रीमान यांनी तीन विषय सुचवले आणि गाउस यांनी त्यांतला तिसरा, म्हणजे भूमितीच्या मूळ गृहीतकांचा, निवडला. ते व्याख्यान रीमान यांच्या मृत्यूनंतर, १८६८ मध्ये छापून आले. त्यातून वाढलेली भूमिती १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांच्या व्यापक सापेक्षतेचा आधार ठरली.

या विद्यापीठाचा एक धागा पुण्यापर्यंत पोहोचतो. डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवणारे आणि पतंजलीच्या महाभाष्याची चिकित्सक आवृत्ती काढणारे कीलहॉर्न १८८२ मध्ये गॉटिंगेनला प्राध्यापक झाले. १८८५ मध्ये रा. गो. भांडारकर यांना या विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली.

गणिताचे मोठे पर्व सुरू झाले ते फेलिक्स क्लाइन १८८६ मध्ये आल्यावर. त्यांनी गणितासाठी स्वतंत्र वाचनकक्ष उभा केला, १८९५ मध्ये गणितज्ञ हिल्बर्ट यांना आणले आणि देशोदेशींचे विद्यार्थी तिथे येऊ लागले. गणितज्ञ एमी नोएटर यांना स्त्री असल्यामुळे शिकवण्याची अधिकृत परवानगी मिळत नव्हती, म्हणून त्यांची व्याख्याने काही वर्षे हिल्बर्ट यांच्या नावाने जाहीर होत. आजही भौतिकशास्त्रात पावलोपावली लागणारा त्यांचा सिद्धांत, म्हणजे निसर्गनियमांतील सममिती आणि ऊर्जेसारख्या अक्षय्य राहणाऱ्या राशी यांचे नाते सांगणारा, १९१८ मधला, म्हणजे ती परवानगी मिळण्यापूर्वीचा आहे. १९२५ मध्ये हायझेनबर्ग, माक्स बोर्न आणि योर्डान यांनी पुंजयामिकीची (क्वांटम मेकॅनिक्सची), म्हणजे अणूच्या पातळीवरील भौतिकशास्त्राची, पहिली सुसंगत मांडणी येथेच केली.

हे सारे विस्कटायला काही महिने पुरले. एप्रिल १९३३ मध्ये नाझी सरकारने ज्यूंना सरकारी सेवेतून काढणारा कायदा केला. बोर्न, गणितज्ञ कूरांट आणि नोएटर यांना दूर करण्यात आले. पहिल्या महायुद्धात लढल्यामुळे सूट मिळू शकत असतानाही भौतिकशास्त्रज्ञ जेम्स फ्रँक यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला. रॉकफेलर यांच्या देणगीतून १९२९ मध्ये उभी राहिलेली गणित संस्थेची इमारत तशीच राहिली, पण तिच्यासाठी झटलेले कूरांट अमेरिकेत गेले.

युद्धानंतर संशोधन पुन्हा सुरू झाले आणि १९४८ मध्ये माक्स प्लांक सोसायटी या जर्मन संशोधन संस्थेची स्थापनाही गॉटिंगेनमध्येच झाली, तरी गणितातले जुने अग्रस्थान परत आले नाही. बोर्न यांना १९५४ मध्ये मिळालेल्या नोबेलमागचे मुख्य काम १९२६ सालचे, गॉटिंगेनमधले होते. मधली बरीच वर्षे मात्र त्यांनी एडिंबरोमध्ये अध्यापन केले होते. कूरांट यांनी न्यूयॉर्क विद्यापीठात उभारलेली गणित संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.